सायनला पाय का संपतात?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे, मुलुंड पूर्वेला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. दीड वर्षापूर्वी हायब्रिड सायकल घेतली. आठवड्यातले चार दिवस पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने विक्रोळीपर्यंत जाऊन येते, जमेल तितक्या जोरात. पाऊण तास लागतो. रविवारी कॉलनीतल्या ग्रुपबरोबर गेटवेला. पाचला निघतो. पहाटे काही खाववत नाही, म्हणून फक्त चहा घेते. जाताना मी सगळ्यांच्या बरोबरीने असते. गेटवेला फोटो, मग फोर्टमध्ये भरपेट नाश्ता आणि परत. येताना दादरपर्यंत ठीक असतं, सायनला मात्र पाय संपतात. घाटकोपर येईपर्यंत ग्रुप दिसेनासा झालेला असतो. पाण्याची एक बाटली असते, ती भायखळ्यालाच संपते. घरी आल्यावर दिवसभर डोकं दुखतं. दीड वर्षात सरासरी ताशी १८ किलोमीटरच्या वर गेलेली नाही. ग्रुपमधले म्हणतात, रोड बाइक घे, म्हणजे बारीक टायरची, वाकून चालवायची सायकल. मला जानेवारीत १०० किलोमीटर करायचे आहेत. वेग आणि दम वाढवण्यासाठी काय करू? की आता वय आड येतंय?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नमस्कार. पाय नेमके कुठे संपतात आणि त्याआधी पोटात काय गेलेलं असतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यामुळे निदान सोपं झालं. वय आड येत नाहीये. सायकलही आड येत नाहीये. दोन गोष्टी आड येताहेत: तुम्ही रोज जोरात चालवता आणि रविवारी उपाशी चालवता.

आधी रविवारचं बघू, कारण तो फरक तुम्हाला येत्या रविवारीच दिसेल.

मुलुंडहून गेटवे साधारण तीस-बत्तीस किलोमीटर. परतताना सायनला पोचता तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास झालेले असतात आणि सायकलवर अडीच तास गेलेले असतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरात चालवलं तर दीड ते दोन तास पुरते. त्यात रात्रभराच्या उपवासाने यकृतातला साठा पहाटे आधीच कमी झालेला असतो. तुम्ही बँकेत आहात म्हणून त्याच भाषेत सांगतो: साखर म्हणजे हाताशी असलेले सुटे पैसे आणि चरबी म्हणजे मुदत ठेव. ठेव कितीही मोठी असली तरी घाईच्या वेळी ती लगेच हातात पडत नाही. जाताना थंड हवेत ग्रुपच्या बरोबरीने राहण्यासाठी तुम्ही सुटे पैसे भराभर खर्च करता आणि सायनला पाकीट रिकामं होतं.

मग फोर्टातल्या भरपेट नाश्त्याचं काय? तो उशिरा आणि एकदम होतो. तेलकट, जड खाणं पोटात बराच वेळ बसून राहतं. त्याचं पचन आणि पायांचं काम एकाच वेळी सुरू होतं, आणि उन्हात रक्ताला त्वचेकडेही धावावं लागतं. परतीच्या वाटेवर अंग जड वाटतं ते त्यामुळेही.

तर असं करा. पहाटे जेवण जात नसेल तर जेवू नका, पण निघण्याच्या अर्ध्या तासाआधी एक केळं खा. तेही जात नसेल तर चहाबरोबर दोन टोस्ट किंवा तीन-चार खजूर. पहिल्या रविवारी नको वाटेल, तीन-चार रविवारांत पोटाला सवय होते. पोटालाही सराव लागतो, हे लोक विसरतात. शनिवारी रात्री भात किंवा पोळी नीट खा. वजनाच्या धास्तीने नुसत्या सॅलडवर झोपू नका.

निघाल्यावर भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा. पाऊण तास झाला की पहिला घास, मग दर अर्ध्या तासाने थोडं थोडं. दोन तासांहून मोठ्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत, तुम्ही ३० पासून सुरुवात करा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यामुळे हिशेब सोपा आहे. जर्सीच्या मागच्या खिशात एक केळं, राजगिऱ्याचे लाडू आणि गुळाची चिक्की ठेवा. परदेशी एनर्जी जेलची पाकिटं तुमच्या अंतराला लागत नाहीत. फोर्टमध्ये दोन इडल्या किंवा छोटी प्लेट पोहे, एक चहा, आणि अर्ध्या तासात उठायचं. मित्रमंडळी मिसळ मागवतील. तुम्ही ती मुलुंडला आल्यावर खा.

आता पाणी. मुंबईत नुसतं तापमान बघून चालत नाही. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तेवढ्याच वेगाला छाती जास्त धडधडते. ऑक्टोबरमध्ये तर हे पहाटे सहालाही जाणवतं. दोन बाटल्या न्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात कालवायचं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, हे मी वारंवार बघतो आणि ते चुकीचं आहे. अर्धं पाकीट टाकायचं असेल तर तेही नीट मोजून, आणि उघडं राहिलेलं पाकीट दमट हवेत ठेवू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

तुम्हाला स्वतःला किती पाणी लागतं ते काढायला एक साधी रीत आहे. निघताना आणि आल्यावर, घामाचे कपडे उतरवून वजन करा. एक किलो कमी भरलं तर प्यायलेल्या पाण्याशिवाय आणखी साधारण एक लिटर गेलं. थोडं कमी भरणं ठीक. दीड-दोन किलो कमी भरत असेल तर दिवसभराच्या डोकेदुखीचं कारण बहुधा तेच. उलट वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि तेही धोक्याचं आहे, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण तुम्हाला नक्की भेटत असणार. थंडीच्या दिवसांत मुंबईत सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून, पूर्व-ईशान्येकडून येतो. तुमचा परतीचा रस्ता नेमका त्याच दिशेने जातो. जाताना जो वेग तुम्हाला स्वतःचा वाटतो त्यातला थोडा वाऱ्याने दिलेला असतो, आणि येताना तो परत मागून घेतो. म्हणून जाताना मुद्दाम हात राखून चालवा. गेटवेला पोचल्यावर "आज फार हळू आलो" असं वाटलं पाहिजे.

आता आठवड्यातल्या चार सकाळी. दीड वर्ष सरासरी हलली नाही याचं कारण इथे आहे.

रोज पाऊण तास, रोज जमेल तितक्या जोरात. यात शरीर दमतं, पण बदलत नाही. दमाची सायकल चालवायला शरीरात जे घडावं लागतं, म्हणजे स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढणं, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढणं, चरबी जाळायची क्षमता वाढणं, ते सावकाश चालवलेल्या लांब तासांत चांगलं घडतं. खरा वेग ज्याने वाढतो ते काम इतकं कठीण असतं की ताजे पाय असल्याशिवाय ते करताच येत नाही. तुमच्या रोजच्या राइड या दोन्हींच्या मधल्या आहेत. सावकाश म्हणाव्यात तर जोराच्या, आणि जोराच्या म्हणाव्यात तर पुरेशा जोराच्या नाहीत, कारण आदल्या दिवशीचा थकवा पायांत असतो. हौशी सायकलस्वारांत मला सगळ्यात जास्त दिसणारी अडचण हीच.

म्हणून पुढचे चार आठवडे जोराची राइड पूर्ण बंद. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार एवढेच दिवस सायकल काढा, आणि एक तास इतक्या सावकाश चालवा की शेजारी कोणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील. एक वाक्य बोलून श्वास घ्यायला थांबावं लागलं, की वेग कमी करा. घड्याळात हार्ट रेट दिसत असला तरी मुंबईच्या दमट हवेत तो फसवतो, श्वास फसवत नाही. हायवेवरून टेम्पो, बस, कॉलेजची पोरं पुढे जातील, जाऊ द्या. पहिले दोन आठवडे वेळ वाया जातोय असं वाटेल. तरीही नेट धरा. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असेल तर ती ही.

चार आठवड्यांनंतर गुरुवारची राइड बदला. पंधरा मिनिटं सावकाश, मग चार मिनिटं जोरात, मग चार मिनिटं अगदी हलकं. अशा दोन फेऱ्यांपासून सुरू करून हळूहळू चारपर्यंत जा. जोरात म्हणजे शर्यतीच्या घोड्यासारखं एकदम सुटणं नव्हे. एक-दोन शब्दच बोलता यावेत, पण चौथं मिनिट संपताना आणखी एक मिनिट ओढता आलं असतं असं वाटावं. शेवटची फेरी पहिलीपेक्षा मंदावली तर पहिली फार जोरात झाली. हे हायवेवर करू नका. श्वास फुललेला असताना मागून येणाऱ्या ट्रककडे लक्ष राहत नाही. तुमच्या जवळची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ठाण्यातला येऊरचा चढ. चढावर जोर आपोआप लागतो आणि वेग कमी असल्याने धोकाही कमी. पायथ्याच्या उपवन तलावापर्यंत जाताना पाय गरम होतात. मात्र पूर्ण उजाडल्यावरच जा आणि एकट्या जाऊ नका. ते नॅशनल पार्कचं जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे. उतरताना ब्रेकवर हात ठेवून सावकाश या.

आठवड्याला अशी एकच जोराची राइड. दोन केल्या तर दुप्पट फायदा होईल असं वाटतं, पण नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास सांभाळून चाळिशीनंतर एक पुरते. सोमवारी आणि शुक्रवारी सायकलला हात लावू नका. बुधवारी घरीच वीस मिनिटं बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि टाचा उचलणं करा. शरीर सुधारतं ते झोपेत. पहाटे सव्वाचारला उठायचं असेल तर रात्री साडेअकराची झोप चालणार नाही, आणि झोप नीट झाली नसेल त्या दिवशी राइड सोडलेली बरी.

गिअरबद्दल. बऱ्याच जणी जड गिअर टाकून मांड्यांच्या जोरावर सायकल रेटतात आणि मग गुडघे कुरकुरतात. रिकाम्या सपाट रस्त्यावर पंधरा सेकंद उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा. वीस ते बावीस आला तर मिनिटाला ८० ते ९० फेरे होतात, ते उत्तम. चौदा-पंधरा येत असेल तर गिअर हलका करा. सायनचं उदाहरण घ्या. किंग्ज सर्कलच्या सिग्नलला थांबता तेव्हा गिअर जड असतो, हिरवा होताच उभं राहून पेडल दाबावं लागतं, लगेच पुढे सायन हॉस्पिटलजवळची गर्दी, मग हायवे. तोच त्रास छेडानगरच्या पुलावर. तिथे चढ लागण्याच्या आधीच, सपाटावर असतानाच, दोन गिअर हलके करा. पाय भराभर फिरू द्या, वेग पडला तर पडू द्या, आणि माथ्यावरून पुढचा उतार लागला की मग एकेक गिअर वाढवा. चढ सुरू झाल्यावर दाबाखाली गिअर बदलला तर चेन करकरते आणि जो थोडा वेग असतो तोही जातो.

ग्रुपमध्ये पुढे राहायची ओढ मी समजू शकतो. पण सपाट रस्त्यावर तुमचं बहुतेक बळ हवा कापण्यात जातं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारं बळ घनाने. २० वरून २५ वर जायचं तर फक्त हवेसाठीच जवळपास दुप्पट बळ लागतं. दुसऱ्याच्या मागे चाललात तर यातला चांगला मोठा वाटा वाचतो. तेव्हा परतीला सायनपासून मुद्दाम कुणाच्या तरी मागे राहा. सुरुवातीला एका सायकलच्या लांबीचं अंतर ठेवा, आणि पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक कधीही बाजूने लावू नका. आपल्या रस्त्यांवर पुढच्याने "खड्डा!" म्हणून ओरडलंच पाहिजे. ज्या ग्रुपला ही सवय नाही त्यांच्या मागे जवळ राहू नका. बस किंवा ट्रकच्या मागे तर कधीच नाही. आणि ग्रुपला स्पष्ट सांगा की घाटकोपरला कुणीतरी थांबायचं. दमलेल्या माणसाला हायवेवर एकटं सोडून पुढे जाणारा ग्रुप मला पटत नाही.

रोड बाइक आत्ता घेऊ नका. तिच्यावर वाकून बसता येतं, टायर बारीक असतात, तेवढा वेग मिळेल. पण सायनला रिकामे होणारे पाय त्या सायकलवरही सायनलाच रिकामे होतील. आधी आहे ती नीट करून घ्या. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की हवा तेवढा हलका बाक राहतो. नव्या सायकलस्वारांची सीट बहुधा खालीच असते. टायरला गोट्यांची नक्षी असेल तर गुळगुळीत टायर टाका, हा खर्च मात्र लगेच जाणवेल असा आहे. हवा दर आठवड्याला गेज असलेल्या पंपाने तपासा, अंगठ्याने दाबून कळत नाही. टायरच्या कडेला हवेची मर्यादा छापलेली असते, अगदी वरच्या टोकापर्यंत भरू नका, नाहीतर प्रत्येक पेव्हर ब्लॉक कमरेत बसतो. पावसाळा संपलाय, तेव्हा चेन कापडाने पुसून तेल द्या आणि जास्तीचं तेलही पुसून काढा.

वयाबद्दल एवढंच सांगतो की दम हा चाळिशीनंतरही छान वाढतो, सावरायला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. पण एक तपासणी नक्की करा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). आपल्याकडे बायकांमध्ये लोह कमी असणं फार सर्रास आहे, आणि ते कमी असेल तर कितीही शिस्तीने सराव केला तरी दम वाढत नाही. या वयात पाळीच्या वेळी रक्तस्राव वाढला असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. छातीत दाटल्यासारखं झालं, चक्कर आली, नेहमीच्या चढावर अचानक फार धाप लागली, तर राइड थांबवून डॉक्टर गाठायचा, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही.

आता जानेवारीचे १०० किलोमीटर. तुम्ही ते कराल. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, थांबे धरून, म्हणजे सरासरी १५ सुद्धा लागत नाही. तुमचा आजचा १८ त्यालाही पुरेल. प्रश्न वेगाचा नाही, तितके तास सायकलवर राहण्याचा आहे.

रविवारचं अंतर हळूहळू वाढवा: आज ६५ आहे, ते ७०, ७५, ८०. दर चौथ्या रविवारी पुन्हा ४० वर या आणि त्या आठवड्यात येऊरही नको. एकदा ८५ झालं की थांबा, शंभराच्या आधी शंभर करून बघायची गरज नसते. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं, आणि नवं काहीही नाही: नवा खाऊ नाही, नवी शॉर्ट्स नाही, नवी सीट नाही. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, हे कुणी सांगितलं नसेल तर सांगून ठेवतो. शिवणीने घासून होणाऱ्या जखमांमुळे कित्येकींची लांब राइड अर्ध्यावर सुटते.

घोडबंदर, दहिसर, वांद्रे, मरीन ड्राइव्ह आणि परत मुलुंड असा मुंबईचा फेरा साधारण शंभराचा होतो. तो सगळ्यांनाच खुणावतो, ग्रुपही तोच सुचवेल. पहिल्यांदा तो करू नका. गायमुखच्या घाटात अंधारात अवजड वाहनं असतात आणि रस्त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा ऐरोलीच्या पुलावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी, तिथून पाम बीच रोडने बेलापूर. पाम बीचवर वाशी ते बेलापूर दोन वेळा जादा ये-जा केली की घरी पोचेपर्यंत साधारण शंभर भरतात. वाटेत पाणी मिळतं, टपऱ्या आहेत, आणि काही झालंच तर तुम्ही घरापासून फार लांब नसता. साडेपाचला निघा, मागचा लाल दिवा चालू, हेल्मेटचा पट्टा बांधलेला. पहिले ५० किलोमीटर गप्पा मारता येतील अशाच वेगाने जायचं. ७० नंतर पाय चांगले असले तरच थोडा जोर लावा.

त्याआधी, नोव्हेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी विक्रोळीपर्यंत त्याच सावकाश श्वासात जाऊन या आणि वेळ लिहून ठेवा. डिसेंबरच्या शेवटी तीच राइड, तोच श्वास, पुन्हा वेळ. ग्रुपच्या सरासरीपेक्षा हा आकडा खरा. तो आणि रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही मला कळवा, जानेवारीचं वेळापत्रक त्यावरून पक्कं करू.